आढ्याला टांगलेलं तवसं

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वहिनी अगदी वैतागून आल्या. हातात अर्धा किलो काकडी. चारच दिवसांपूर्वी आणलेली, फ्रीजमध्ये नीट ठेवलेली, आणि तरी बुळबुळीत होऊन डाग पडलेली! "एवढं थंडगार ठेवूनसुद्धा नासते म्हणजे काय हो?" असा त्यांचा सवाल.

मी त्यांना म्हटलं, "वहिनी, आमच्या गुहागरच्या घरात दसऱ्याला टांगलेली काकडी नाताळापर्यंत टिकायची. फ्रीज नव्हता, बर्फ नव्हता, काही नव्हतं." त्यांना ती थट्टाच वाटली. तुम्हांलाही वाटेल. म्हणून मैत्रिणींनो, आज तुम्हांला मी गुहागरला घेऊन जाणार आहे. आंब्याफणसाच्या दिवसांत नव्हे हं! भर भाद्रपदात, पावसात, काकडी बघायला.

आमचं बिऱ्हाड कराडला. कराडहून सकाळची एस.टी. धरली की पाटण, कोयनानगर करत गाडी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर येते. इथं पावसाळ्यात खिडकीची काच पुसून काही उपयोग नसतो. बाहेर नुसतं धुकं. मधूनच ते फाटतं आणि एखादा धबधबा अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो. घाट उतरला की चिपळूण. तिथं चहा घ्यायचा, गाडी बदलायची, आणि मार्गताम्हाणे, शृंगारतळी ही गावं मागं टाकत गुहागर गाठायचं.

गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. समुद्राकडच्या घरांच्या मागं नारळी-पोफळीच्या वाड्या, त्या संपल्या की सुरूची झाडं, आणि मग पाच-सहा किलोमीटर पसरलेली वाळू. पावसाळ्यात समुद्र घरातून दिसत नाही, पण त्याची गाज रात्रभर ऐकू येते. नव्या नवरीला पहिल्या रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र माहेरी गेल्यावर ती गाज नाही म्हणून झोप लागत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव!

१९८३ साली लग्न होऊन मी या घरात आले. ह्यांची नोकरी कराडला, पण बिऱ्हाडाला जागा मिळेना. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी सासूबाईंपाशीच राहिले. माझं माहेर घाटावरचं. काकडी म्हणजे मंडईत मिळते ती, वीतभर लांबीची, कोवळी, कोशिंबिरीची. मागच्या पडवीत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं, तर वाशांना सुंभाच्या फासात अडकवलेली, पिवळसर तपकिरी, भेगाळलेल्या सालीची चांगली दोन-दोन किलोंची फळं लोंबत होती. मी विचारलं, "हे भोपळे कसले?" सासूबाई हसून म्हणाल्या, "भोपळे कसले गो! तवसं आहेत ती."

तवसं म्हणजे पूर्ण पिकलेली मोठी पावसाळी काकडी. गोव्यात तिला तवशें म्हणतात.

आता ती लावतात कशी ते सांगते. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढंच पडतो, आणि काकडीला पाणी हवं असलं तरी मुळाशी साचलेलं पाणी तिला मुळीच खपत नाही. म्हणून सासूबाई आळं खोल करायच्या नाहीत. उलट परसात मातीचे उंचवटे करायच्या. त्यात कुजलेलं शेणखत आणि चुलीतली राख. मृगाचा पाऊस स्थिरावला की एकेका उंचवट्यावर चार-चार बिया टोचायच्या आणि रोपं वर आली की त्यांतली सशक्त दोन ठेवून बाकीची काढून टाकायची. माझा जीव हळहळायचा. त्या म्हणायच्या, "चार ठेवलीस तर चारही उपाशी."

वेलानं हात पसरायच्या आत मांडव तयार हवा. बांबूचे खांब, वर पोफळीच्या रिपा आणि झाडाच्या फांद्या. काकडी जमिनीवर लोळली तर ओल लागून कुजते. मांडवावरून लोंबली तर सरळ वाढते, वारा लागतो, आणि खाली उभं राहून काढताही येते. पहिली फुलं आली की मी रोज मोजायची, आणि ती गळून पडली की रडकुंडीला यायची. नंतर कळलं की आधी येतात ती नरफुलं, ती गळायचीच. मादीफुलाच्या मागं बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी आधीपासूनच असते, ती बघायची. मधमाशी एकीकडचा पराग दुसरीकडे नेते, तेव्हा ती काकडी धरते. नाही तर पिवळी पडून सुकते.

पेरल्यापासून चाळीस-पन्नास दिवसांत कोवळी काकडी हाती येते. म्हणजे नेमकी गणपतीच्या सुमारास. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, हाती पिकवलेलंच खायचं, तेव्हा ऋषीच्या भाजीत परसातल्या काकडीचा मान ठरलेला. त्या दिवसांत काकडी इतकी यायची की दडपे पोह्यांत काकडी, कोशिंबिरीत काकडी, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत काकडी. एकीकडे सासूबाईंची ताकीद असायची, की रोज मांडवाखाली जाऊन पाहायचं आणि कोवळी असतील तेवढी काढायचीच. वेलावर एक फळ जून होत राहिलं की वेल आपली सगळी ताकद त्यातल्या बियांना देतो आणि नवी फळं धरायचं कमी करतो. म्हणून तवसांसाठी त्या दोन वेल वेगळे राखायच्या. त्यांना हात लावायचा नाही.

राखलेली फळं आश्विनात काढायची, तीही कोरड्या दिवशी. देठ दोन बोटं ठेवून कोयत्यानं कापायचं, ओढून तोडायचं नाही. देठापाशी जखम झाली की तिथूनच सड लागते. मग पुसून, एकमेकांना टेकणार नाहीत अशी वाशाला टांगायची. जमिनीवर ठेवलं तर टेकलेली बाजू आधी मऊ पडते. टांगल्यावर सगळीकडून वारा खेळतो, आणि चुलीचा धूर पडवीत यायचा त्यानं किडे दूर राहायचे. यात जादू काही नाही. कोवळी काकडी म्हणजे पातळ सालीत भरलेलं पाणी, ती टिकणार कशी? तवसाची साल जून होऊन जाड झालेली असते, तीच त्याचं कपाट.

त्या तवसांतल्या एकाला दर वर्षी लाल लुगड्याची चिंधी बांधलेली असे. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. इथंच घोटाळा झाला.

१९८४ च्या डिसेंबरातली गोष्ट. सासूबाई चिपळूणला भाचीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. अचानक ह्यांचे साहेब सपत्नीक गुहागरला आले. व्याडेश्वराचं दर्शन झालं, समुद्र झाला, आणि दुपारी जेवायला आमच्याकडे! कराडच्या जागेचं काम याच साहेबांच्या हाती. काय करू नि काय नको असं मला झालं. ठरवलं, धोंडस करायचं. कोकणातली खास वस्तू, साहेबांच्या घरी कुठं मिळणार? वर पाहिलं तर चिंधीचं एकच तवसं उरलेलं. मी स्टुलावर चढले, चिंधी सोडली, तवसं उतरवलं.

धोंडस सोपं आहे, तुम्हीही करून पाहा. तवसाची साल आणि बिया काढून दोन वाट्या कीस घ्यायचा. एक वाटी तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा. किसात एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चवीपुरतं मीठ आणि चिमूटभर हळद घालून उकळी आणायची आणि मग रवा. दणदणीत वाफ आली की वेलची घालून तूप लावलेल्या पातेल्यात थापायचं आणि खाली मंद निखारे, झाकणावरही निखारे ठेवून भाजायचं. निखारे नसतील तर जाड तवा आणि घट्ट झाकण, एकदा उलटून. कडा लालसर होऊन सुटल्या की झालं. वर लोण्याचा गोळा. साहेबांनी तीनदा मागून घेतलं.

आणि बिया? साल, गर, बिया सगळं घमेल्यात भरून मी गाईपुढं ठेवलं होतं. तिनं घमेलंसुद्धा चाटून पुसून स्वच्छ केलं.

चार दिवसांनी सासूबाई परत आल्या. पाय धुऊन पडवीत आल्या आणि वर बघत म्हणाल्या, "चिंधीचं तवसं कुठाय गो?" मी मोठ्या कौतुकानं साहेबांची हकिकत सांगितली आणि घडी घालून ठेवलेली चिंधी आणून दिली. त्या खाली बसल्या. "बी?" मी गोठ्याकडे बोट दाखवलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. ती चिंधी गुडघ्यावर ठेवून सरळ करत राहिल्या. रात्री भांडी घासताना एवढंच म्हणाल्या, "ते बी माझ्या सासूबाईंचं. त्यांनी आपल्या माहेराहून आणलंन होतं." त्या रात्री मला गाज नाही, फक्त घड्याळाचे ठोके ऐकू आले.

सकाळी त्यांनीच मला हाक मारली. "वरच्या पाटात काकूंकडे जा. तीन वर्षांमागं मी त्यांना बी दिलं होतं. राखलं असेल तर माग. तुझं तूच जा हो, माझं नाव पुढं करू नको." मैत्रिणींनो, दीड वर्षाची सून मी. दुसऱ्याच्या दारात जाऊन "आमचं बी मी गाईला घातलं" असं सांगायचं म्हणजे काय, ते तुम्हीच जाणा. बेड्यापाशी मी दोनदा माघारी वळले.

काकू ऐकून आधी पोट धरून हसल्या. मग आत गेल्या आणि राखेच्या मडक्यातून शोधून शोधून अकरा बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. वर म्हणाल्या, "तुझ्या सासूनं वाटलं म्हणून आज परत मिळालं. घरातच ठेवलं असतं तर आज कोण देणार होतं?"

पण गोष्ट इथं संपली नाही. पुढच्या पावसाळ्यात मांडवावर फळं आली ती सगळी आमची नव्हती. दोन वेलांना नेहमीसारखी लांबट फिकट काकडी, एकाला आखूड गडद हिरवी, आणि एकाची तर तोंडात घालवेना इतकी कडू. माझे धाकटे दीर तेव्हा दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत होते. त्यांनी उलगडा केला. "वहिनी, काकूंनी मधल्या काळात बाजारचं बी लावलं असणार. मधमाशीला आपलं-परकं कुठं कळतं? ज्या वर्षी संकर होतो त्या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही. तो बियांत उतरतो आणि पुढच्या वर्षी दिसतो."

उपायही त्यांनीच शिकवला. वेल निवडायचा तो आपल्या मनासारख्या, गोड काकडीचा. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलेल असं मादीफूल आणि दोन-तीन नरफुलं हेरून त्यांची तोंडं दोऱ्यानं हलकेच बांधायची, म्हणजे पहाटे मधमाशी आत शिरत नाही. सकाळी लवकर नरफूल तोडून पाकळ्या काढायच्या, मादीफुलाचा दोरा सोडून आतला पराग तिथं अलगद टेकवायचा, आणि फूल पुन्हा बांधायचं. त्या फळाला खूण करायची. सासूबाईंनी काहीएक न बोलता तीच लाल चिंधी पुढं केली.

कडू वेल उपटले. चांगल्या वेलाचं बी राखलं. असे तीन पावसाळे गेले. माझं बिऱ्हाड तोवर कराडला झालं होतं, पण मृगाला आणि गणपतीला मी गुहागरला असायचीच. तिसऱ्या वर्षी टांगलेल्या तवसांकडे बघून मी विचारलं, "आई, आता आपलंच झालं ना?" त्यांनी सालीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आपल्यासारखं झालं." एवढंच. त्या 'सारखं'ची टोचणी अजून आहे.

बी काढायची पद्धतही लक्षात ठेवा. ते पूर्ण पिकलेल्या फळाचंच घ्यायचं, कोवळ्या काकडीचं बी उगवत नाही. बिया गरासकट मडक्यात किंवा काचेच्या बरणीत थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवायच्या. गर आंबून सुटतो, भरीव बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. वरचं ओतून, खालचं स्वच्छ धुऊन सावलीत खडखडीत वाळवायचं. कोरड्या राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलं की काही वर्षं उगवण चांगली राहते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला मांडव नि कुठला वाशी! नसू दे. कराडला माझ्याकडेही फक्त गच्ची आहे. फूटभर तरी खोल कुंडी किंवा जुनी बादली घ्या, तळाला भोकं पाडा. माती, शेणखत आणि थोडी वाळू. जूनमध्ये किंवा फेब्रुवारीत दोन बिया लावा आणि वेल दोरीवरून कठड्यावर चढवा. पाणी नेमानं द्या. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बदाबदा असं केलंत की ताण पडून काकडी कडवट होते. गच्चीवर मधमाश्या कमी असतील तर नरफूल तोडून मादीफुलाला टेकवायचं काम सकाळी तुम्हीच करा. फळमाशीनं टोचलेली, वाकडी होऊन सडू लागलेली फळं कुंडीत पडू देऊ नका, काढून दूर पुरा. बी बाजारातून घ्यायचं असेल तर भर पावसाच्या भागासाठी दापोलीच्या विद्यापीठाचा 'शीतल' हा वाण आहे. आपल्या मंडईत दिसते ती फिकट काकडी बहुधा 'पूना खिरा'च्या जातकुळीतली.

आणि शेजारच्या वहिनींचा प्रश्न राहिलाच की! काकडीला फार थंडी सोसत नाही. दहा अंशांच्या खाली चार-पाच दिवस राहिली की तिला पाणथळ डाग पडतात आणि ती बुळबुळीत होते. म्हणून ती फ्रीजच्या वरच्या थंडगार कप्प्यात ठेवू नका. न धुता, कोरड्या फडक्यानं पुसून, सुती कापडात गुंडाळून तळाच्या भाजीच्या खणात ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. पिकलेली केळी, टोमॅटो, सफरचंदं तिच्याशेजारी नकोत. त्यांच्यातून सुटणाऱ्या वायूनं काकडी लवकर पिवळी पडते. चिरलेला तुकडा झाकणाच्या डब्यात घालून दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरून टाका. कोशिंबिरीला मीठ वाढायच्या वेळीच घाला. आधी घातलंत आणि पाणी सुटलं तर ते ओतू नका, त्यात थालिपिठाचं पीठ भिजवा. कडूपणा बहुतेक देठाकडे आणि सालीलगत असतो, तेव्हा देठाकडचा इंचभर तुकडा कापून, साल काढून चाखून बघा. फारच कडू लागली तर मात्र लोभ न धरता टाकून द्या, पोट बिघडतं.

सासूबाई आता नाहीत. गुहागरच्या घरात गॅस आला, चुलीचा धूर गेला. दीर-जाऊ अजूनही दर आश्विनात चार तवसं टांगतात. पूर्वीइतकी टिकत नाहीत म्हणतात, पण दिवाळीतलं धोंडस तरी होतं. कराडला माझ्या गच्चीवर दर वर्षी एक वेल असतो, आणि त्याचं बी मी पाच घरी वाटते. शेजारच्या वहिनींना यंदा अकराच बिया दिल्या आहेत, मोजून.

तुम्हीही एखादं फळ राखा. बी काढलंत की निदान दोघींना तरी द्या. आणि हो, फळाला चिंधी बांधलीत तर ती कशासाठी आहे ते घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा! नव्या सुनेला तर सगळ्यांत आधी.